कट्ट्यावर राखीव जागा नसते

विद्यापीठ म्हटलं की आपल्या वस्तीत दोनच प्रश्न विचारले जातात. ॲडमिशन भेटली का? आणि निकाल कधी? या दोन प्रश्नांच्या मधे तीन वर्षं जातात, कुणाची पाच जातात. त्या वर्षांत आपलं पोरगं तिथं कुणाबरोबर बसतं, कुणाबरोबर चहा पितं, त्याला नावानं हाक मारणारं कुणी आहे का, हे कुणी विचारत नाही. बाप विचारत नाही. मंडळाचा अध्यक्ष विचारत नाही. चळवळ तर अजिबातच विचारत नाही. चळवळीला पोरगं आठवतं ते मोर्चाच्या आदल्या दिवशी आणि चौदा एप्रिलला.

मला या मधल्या वर्षांबद्दल बोलायचंय. कॅन्टीनबद्दल, कट्ट्याबद्दल, गॅदरिंगबद्दल, युवा महोत्सवाबद्दल. कार्यकर्त्यांच्या कपाळावर आठ्या पडतील हे ठाऊक आहे. "ताई, हे पांढरपेशांचे चोचले. आपल्यापुढं प्रश्न काय अन् तुम्ही बोलता काय!" हे वाक्य आमच्या विहारात बसून मी दहादा ऐकलंय. म्हणूनच लिहिते आहे.

मी नाहूरची. मुलुंड आणि भांडुपच्या मधलं नाहूर. आता स्टेशन आहे, २००३ साली झालं. मी शिकत होते तेव्हा नव्हतं. गाडी आमच्या झोपड्यांना घासून जायची, पण थांबायची नाही. गाडी पकडायची तर चालत भांडुप नाहीतर मुलुंड. बाप बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडून आला आणि एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात कंत्राटी हमाल म्हणून लागला. तो कारखाना आता नाही. माय मुलुंडच्या सोसायट्यांत भांडी घासायची. पाच घरं.

१९९५ साली मी याच पट्ट्यातल्या एका कॉलेजात गेले. कॉलेजचं नाव लिहीत नाही. ज्यांना ज्यांना ही हकिगत सांगितली त्या प्रत्येकाला ते आपलंच कॉलेज वाटलं, तेव्हा नावाला अर्थ नाही.

पहिला महिना बरा गेला. माझ्या बाकावरच्या दोन पोरींशी जमलं होतं. मग एक दिवस पॅसेजमधल्या बोर्डावर नोटीस लागली. बी.सी. विद्यार्थ्यांनी फ्रीशिपचे फॉर्म अमुक तारखेच्या आत भरावेत. खाली यादी. पूर्ण नावं, आडनावासकट, जातीच्या रकान्यासकट. येणारेजाणारे उभं राहून वाचत होते, क्रिकेटचा स्कोअर वाचावा तसे.

दुसऱ्या दिवशी कुणी शिवी दिली नाही. कुणी पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला नाही. फक्त मधल्या सुट्टीत त्या दोघी उठल्या तेव्हा मला "चल" म्हणायचं राहून गेलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही राहून गेलं. मग ते रोजचंच झालं.

आता सांगा, याची तक्रार कुठं करायची? ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा आहे, आपल्या लोकांनी रक्त सांडून मिळवलेला आहे. पण 'चल म्हणाली नाही' असं कलम त्यात नाही. असणारही नाही.

कॅन्टीनमध्ये कॉन्ट्री काढायची पद्धत होती. चार-पाच जणांनी दोन-दोन रुपये टाकायचे, त्यात कटिंग आणि दोन प्लेट सामोसे, वाटून खायचे. माझ्याकडं बहुतेक दिवस दोन रुपये नसायचे. हे झालं गरिबीचं. पण ज्या दिवशी असायचे त्या दिवशीही कुणी मागितले नाहीत. हे गरिबीचं नव्हतं.

माय ज्या पाच घरांत जायची त्यातल्या एका घरातली पोरगी माझ्याच वर्गात होती. तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. तीन वर्षं दोघींनीही तोंडातून अक्षर काढलं नाही. माय घरी आली की विचारायची, "ती बेबी दिसती का गं कालेजात? लई गुणाचं लेकरू हाय." मी म्हणायचे, दिसते. माय खूश. तिला वाटायचं, एका वर्गात बसतात म्हणजे पोरींची मैत्री असणारच. दोघी एकाच कॉलेजात, हेच तिच्यासाठी बाबासाहेबांनी करून दाखवलेलं नवल होतं. ते नवल होतंच. पण तिथून पुढं चार पावलांवर कॅन्टीन होतं, आणि ती चार पावलं माझी मला टाकायची होती.

बोर्डावरच्या त्या यादीनं एक काम मात्र चांगलं केलं. आम्हाला आमची नावं कळली. कुणी घाटकोपरचा, कुणी भांडुपच्या डोंगरावरची, कुणी विक्रोळीचा. एकेकानं दुसऱ्याला हुडकलं. जिन्याखाली, जिथं मोडके बाक टाकलेले असत, तिथं आमचा कट्टा जमला. पाच जणांचा.

डिसेंबरात 'डेज' सुरू व्हायचे. साडी डे, रोझ डे आणि मोठ्या थाटाचा ट्रॅडिशनल डे. पोरं अंगरखे घालून, डोक्याला पगड्या बांधून यायची. पोरी नऊवारी, नथ, खोपा. सगळा पॅसेज म्हणजे शनिवारवाडा. आम्ही पाच जण जिन्याखाली बसून विचार करत होतो की आपण काय घालायचं. एक जण म्हणाला, घरीच बसू. दुसरी म्हणाली, "पेशवाईत आपला ड्रेस काय व्हता? गळ्यात मडकं अन् कमरेला झाडू. तो घालून येऊ का?" आम्ही खूप हसलो. मग हसणं बंद झालं आणि कुणीच काही बोलेना.

त्या दिवशी आमच्यातला घाटकोपरचा दोस्त सूट घालून आला. मावसभावाच्या लग्नातला निळा सूट, खांद्यात ढगळ, गळ्यात टाय, खिशाला पेन. दारावर बिल्ला लावून उभा असलेला कमिटीवाला म्हणाला, "हे कसलं ट्रॅडिशनल?" दोस्त म्हणाला, "आमच्या घरात भिंतीवर जो फोटो आहे, त्यात हाच ड्रेस आहे." कमिटीवाल्याला समजलं की नाही देव जाणे, आपण देव मानत नाही ते सोडा. पण त्यानं वाट दिली. दोस्त पूर्ण दिवस त्या पॅसेजमधून ताठ फिरला. त्याच्या मागोमाग आम्ही चौघंही बाहेर आलो. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही जिन्याखालून उठून कॅन्टीनच्या मधल्या टेबलावर बसलो.

हे सांगायचं कारण असं. राखीव जागा वर्गात मिळते. ती बाबासाहेबांनी घटनेनं दिली, कुणाच्या बापाची मेहेरबानी नाही. पण विद्यापीठ म्हणजे फक्त वर्ग नव्हे. निम्मं विद्यापीठ वर्गाबाहेर भरतं. कुठल्या सरांच्या नोट्स चालतात, कुठल्या परीक्षेचा फॉर्म निघालाय, नेटची तयारी कशी करायची, कुठं अर्धवेळ काम आहे, इंटरव्ह्यूला काय विचारतात, हे सगळं कट्ट्यावर वाटलं जातं. इंग्रजी वर्गात समजतं, पण बोलायला येतं ते कट्ट्यावर. माईक धरायचा कसा हे गॅदरिंगला कळतं. पुढं वीस वर्षांनी जो एका फोनवर काम करून देतो तो दोस्तही तिथंच मिळतो. सवर्णांच्या पोरांना हे सांगावं लागत नाही, त्यांच्या घरातच मोठा भाऊ, काका, मामा हे करून आलेले असतात. आपल्या घरातलं पहिलंच पोरगं तिथं जातं. त्याला वाटतं, वर्ग संपला म्हणजे विद्यापीठ संपलं. ते पिशवी उचलतं आणि गाडी पकडतं. या दुसऱ्या निम्म्या विद्यापीठात राखीव जागा नसते, म्हणून तिथं आपलं कुणी दिसत नाही.

बाबासाहेबांचंच बघा. १९०७ साली मॅट्रिक झाले आणि एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. बडोद्याच्या महाराजांची महिना पंचवीस रुपये स्कॉलरशिप होती. १९१२ साली बी.ए. झाले. वर्गात जागा होती. पण कॉलेजातला हॉटेलवाला त्यांना चहा देत नव्हता, पाणी देत नव्हता. चरित्रकार धनंजय कीरांनी हे लिहून ठेवलंय. म्हणजे कॅन्टीनचा प्रश्न माझ्यापासून सुरू झालेला नाही. पुढं १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, कोलंबियाहून शिकून आलेले, तरी प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला ते शिवतात म्हणून काहींनी कुरकुर केली. पदवी वाढली, हुद्दा वाढला. पाण्याचं भांडं तिथंच.

आणि मधे, १९१३ ते १९१६, न्यूयॉर्क. तिथं कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात नवल भथेना नावाचा पारशी तरुण त्यांच्या सोबत राहिला. आयुष्यभराची मैत्री झाली. १९२० साली अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब परत लंडनला निघाले तेव्हा स्वतःची शिल्लक होती, शाहू महाराजांची मदत होती आणि याच भथेनांनी दिलेलं कर्ज होतं. बाबासाहेब ग्रंथालयात किती तास बसायचे हे आपण पोरांना सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण वसतिगृहातल्या एका खोलीत झालेली मैत्री पुढं किती कामाला आली, हे कधी सांगितलं? ती मैत्री काही लेक्चरला बसून झाली नव्हती.

बाबासाहेबांना हे कळलं होतं याचा पुरावा त्यांच्या कॉलेजांत आहे. २० जून १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. नोकरी करून शिकणाऱ्यांना जमावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. कुणाला वाटेल, कामगारांची पोरं, डिग्री घेऊ द्या आणि जाऊ द्या कामावर. पण तिथं विद्यार्थ्यांची संसद होती. १९५० च्या जानेवारीत, देशाचे कायदेमंत्री असताना, बाबासाहेब या विद्यार्थी संसदेपुढं हिंदू कोड बिलावर बोलले. देशाच्या संसदेत ज्या बिलावरून रान पेटलं होतं, ते त्यांनी कॉलेजच्या पोरांपुढं मांडलं. ज्याला आपण आज 'ॲक्टिव्हिटी' म्हणून हसण्यावारी नेतो, ती त्यांच्या लेखी लोकशाहीची तालीम होती.

औरंगाबादचं मिलिंद तसंच. १९५० साली कॉलेज निघालं. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' नाटक लिहिलं, विद्यार्थी त्यात उभे राहिले. त्याच मिलिंदच्या आवारात गंगाधर पानतावण्यांनी १९६७ ला 'अस्मिता' काढलं, त्याचंच पुढं 'अस्मितादर्श' झालं. आणि वडाळ्याचं सिद्धार्थ विहार होस्टेल? १९७२ साली पँथर उभी राहिली तेव्हा तिथल्या खोल्यांत रात्र-रात्र चर्चा चालायच्या. ढसाळ, ढाले, ज. वि. पवार ही नावं आपण भाषणात घेतो. पण त्या खोल्या नसत्या, रात्रीच्या गप्पा नसत्या, एकाच्या चहात तिघं नसते, तर काय झालं असतं याचा विचार करा. चळवळी ठराव करून निघत नाहीत. आधी पोरं एकत्र बसतात.

आमचं बसणं फार साधं होतं. पण ते काय कामाला आलं ते १९९७ साली कळलं.

शुक्रवार, ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसं गेली. आमच्या नाहूरपासून रेल्वेनं वीस मिनिटांची वाट. त्यानंतर काही दिवसांतच मुलुंडमध्ये राहणाऱ्या शाहीर विलास घोगरेंनी स्वतःला संपवलं. ते गात तेव्हा ज्या वस्त्या जाग्या राहत, त्यात आमचीही होती.

कॉलेज पुन्हा नीट भरलं तेव्हा कॅन्टीनमध्ये चर्चा एकच. हायवे बंद होता, क्लास बुडाला. सूटवाला दोस्त दोन आठवडे आला नाही. एकाही तासाला कुणी विचारलं नाही की हा कुठं आहे. हजेरी कमी पडली म्हणून मात्र पुढं नोटीस निघाली.

आम्ही चौघं ऑफिसात गेलो. दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली घेऊ द्या म्हटलं. उत्तर आलं, "कॉलेजात राजकारण नको." आम्ही ड्रॉइंग पेपर आणला. वर्तमानपत्रातून दहा नावं उतरवून घेतली, निळ्या शाईनं मोठ्या अक्षरांत लिहिली आणि जिन्याशेजारच्या भिंतीला डकवली. संध्याकाळी कागद गायब. दुसऱ्या दिवशी परत लिहिली, परत डकवली. परत गायब. तिसऱ्या दिवशी लिहीत होतो तेव्हा एनसीसीच्या ड्रेसमधला एक अनोळखी पोरगा थांबला. कोकणातला मराठा. म्हणाला, "ही नावं कुणाची?" सांगितलं. तो खाली बसला आणि उरलेली नावं त्यानं लिहिली. तिसरा कागद टिकला. आठवडाभर राहिला. जाणारेयेणारे थांबायचे, वाचायचे. सगळेच वाचून बदलले असं मी म्हणत नाही. पण ज्या पॅसेजमध्ये आमच्या जातीची यादी लागली होती, त्याच पॅसेजमध्ये आमच्या हातानं लिहिलेली आमच्या माणसांची यादी लागली. हे काम वर्गात बसून झालं नसतं. पाच जणांचा कट्टा होता म्हणून झालं.

तोवर कॉलेजच्या निवडणुका गेल्या होत्या. १९८९ साली मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थ्याचा खून झाला, आणि नव्वदच्या दशकात थेट निवडणुका बंद झाल्या. गुंडगिरी होती, पैसा होता, पक्षांचे दादा गेटवर उभे राहायचे, हे खोटं नाही. पण त्यावर उपाय काय काढला? १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं वर्गात ज्याला सर्वांत जास्त मार्क तो वर्गाचा प्रतिनिधी. म्हणजे मत गेलं आणि मार्क आले. ज्याच्या घरात तीन पिढ्या पुस्तकं, ज्याला क्लास, ज्याला अभ्यासाची वेगळी खोली, तो आपोआप आमचा पुढारी. निवडणूक होती तेव्हा उमेदवाराला जिन्याखाली यावं तरी लागायचं, पाच मतांसाठी का होईना. २०१६ च्या कायद्यानं निवडणुका परत आणायचं लिहिलं, पण पुढची कितीतरी वर्षं ते कागदावरच राहिलं. ज्या पोरांना अठराव्या वर्षी देशाचं सरकार निवडता येतं, त्यांना कॉलेजचा जीएस निवडता येत नाही. आणि आपल्या एकाही मोर्चात ही मागणी मी ऐकली नाही.

१९९८ ला मी एम.ए.ला कालिनाला गेले. विद्यानगरी. दोनशेहून जास्त एकरांचा पसारा, झाडं, मोकळे रस्ते. झोपडपट्टीतून आलेल्या माणसाला एवढी मोकळी जागा बघून आधी भीतीच वाटते. भांडुपपर्यंत चालत, तिथून कुर्ला, कुर्ल्याहून बेस्टची बस. रानडे भवनात मराठीचे तास. सकाळी मी शिकवण्या घ्यायचे, दुपारी तास, आणि संध्याकाळी सहाला वस्तीच्या नळाला पाणी यायचं. माय कामावर असायची. म्हणजे हंडे मलाच भरायचे. विद्यापीठात तालमी चालायच्या, व्याख्यानं व्हायची, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर मैफली जमायच्या, सगळं चारनंतर. मी चारला पळत सुटायचे. आपली पोरं भाग का घेत नाहीत याचं उत्तर कधीकधी एवढं साधं असतं. जातीनं आपल्याला वस्तीत टाकलं, वस्तीत नळ एकच, आणि नळाची वेळ सहाची.

शेवटी शेजारच्या काकूंनी हंडे भरायचं कबूल केलं. त्या निरक्षर. त्यांना मी सांगितलं, "काकू, माझी भाषणाची स्पर्धा आहे." त्या म्हणाल्या, "जा बाई. बाबासायेब बी भाषनच करत व्हते न्हवं?" त्या चार हंड्यांवर मी युवा महोत्सवात वक्तृत्वाला उभी राहिले. पाय लटपटले, नंबर आला नाही. पण माईकचं भय गेलं ते कायमचं. पुढं आमच्या वस्तीच्या सर्व्हेच्या कागदांवरून भानगड झाली, बायकांना घेऊन साहेबाच्या केबिनमध्ये जावं लागलं, तेव्हा चाळीस बायकांच्या वतीनं बोलले ती मी. पदवीनं मला नोकरी दिली. तो आवाज पदवीनं दिलेला नाही.

आता आजचं बोलू. १७ जानेवारी २०१६, हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला. २२ मे २०१९, मुंबईत डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेणारी आदिवासी पोरगी, पायल तडवी. १२ फेब्रुवारी २०२३, पवईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाचा दर्शन सोळंकी, वय अठरा. आमच्या नाहूरहून पवईचे डोंगर दिसतात. दर्शनच्या घरच्यांनी जातीच्या वागणुकीकडे बोट दाखवलं. संस्थेच्या समितीनं ते नाकारलं. मी निवाडा करणारी कोण? पण एवढं मला माझ्या अनुभवानं कळतं की 'चल' म्हणायचं राहून जातं, ते कुठल्याच समितीच्या कागदावर येत नाही. त्याच वर्षी तिथल्याच होस्टेलच्या मेसमध्ये काही टेबलं फक्त शाकाहारी जेवणाऱ्यांसाठी ठेवण्यावरून वाद झाला, आणि निषेध करणाऱ्या एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड लागला. एल्फिन्स्टनच्या हॉटेलवाल्यापासून शंभरावर वर्षं झाली. टेबलाचा प्रश्न टेबलावरच आहे.

माझ्या भावाची पोरगी यंदा एस.वाय.ला आहे. नाहूर स्टेशनवरूनच गाडी पकडते. तिची युवा महोत्सवाच्या एकांकिकेत निवड झाली. तालीम रात्री नऊपर्यंत. भाऊ म्हणाला, "शिकायला पाठवलीय, नाचायला नाही." विहारातले कार्यकर्तेही त्याच्याच बाजूनं. एक जण म्हणाला, "आता या फेस्टिवलला बँका आणि मोबाईलवाले पैसे देतात. हा बाजार आहे. आपली पोरगी बाजारात कशाला?"

त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. बाजार आहेच. कमिटीचा टी-शर्ट पाचशे रुपयांना, आणि तो नसला तर पोरगं आपोआप बाहेर. पण नोकरी बाजारात नाही का? आपण ती सोडली का? पोरगीनं मला विचारलं, "आत्या, मी नाय म्हणून सांगू का?" मी म्हटलं, तू तालमीला जा. तुझ्या बापाशी मी भांडते. भांडले. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पोरगी तालमीला जाते आहे. तिला घ्यायला रात्री साडेनऊला मी स्टेशनवर उभी राहते. परवा तिच्याबरोबर तिच्या टीममधल्या दोघी होत्या. एकीनं विचारलं, "तुमच्याकडे पाणी मिळेल का?" आमच्या घरात येऊन, आमच्या हंड्यातलं पाणी पिऊन त्या दोघी गेल्या. भाऊ कोपऱ्यात बसून बघत होता. काही बोलला नाही.

आता कार्यकर्त्यांनो, तुमच्याकडं वळते. तुम्ही पोरांना मोर्चाला बोलवा, जरूर बोलवा. पण जूनमध्ये याद्या लागल्या की पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर कॉलेजात कोण जाणार ते ठरवा. आधी शिकलेल्या एकानं नव्या एकाला धरायचं. कॅन्टीन दाखवायचं, ग्रंथालय दाखवायचं, फ्रीशिपच्या खिडकीशी उभं राहायचं, आणि आपली आणखी कोण पोरं तिथं आहेत त्यांची गाठ घालून द्यायची. पहिले सहा महिने आठवड्यातून एकदा विचारायचं, कुणाबरोबर बसतोस? मार्क नंतर विचारा. ज्या पोरीला नळाच्या वेळेमुळं थांबता येत नाही तिचे हंडे भरायची पाळी लावा, आणि त्या पाळीत बाप्यांची नावं पण घाला. टी-शर्टाचे पाचशे रुपये जयंतीच्या डीजेतून निघतात, एक तास कमी वाजवा. आणि निवडणुकीची मागणी मोर्चाच्या निवेदनात लिहा. आपल्या पोरांना मत मागायला आणि मत द्यायला कॉलेजातच शिकू द्या.

आणि एक शेवटचं. आमच्या विहाराला संध्याकाळी आठला कुलूप लागतं. आत पंखा आहे, ट्यूबलाइट आहे, मोकळी फरशी आहे. तिथं अभ्यास होईल, तालीम होईल, भित्तिपत्रक लिहून होईल, आणि कधी दुसऱ्या वस्तीतली, दुसऱ्या जातीची पोरंही येऊन बसतील. किल्ली कुणाकडं ठेवायची एवढंच ठरायचंय. येत्या रविवारच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. तुमच्या तुमच्या वस्तीत तुम्ही मांडा.

जयभीम.